शालनताईंची पट्टी

शालनताई परबांना कधी ना कधी साथ केलेल्या वादकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्याचं नाव 'सुटलो'. त्यात पेटीवाले आहेत, तबलजी आहेत, एक बासरीवाला आहे, कीबोर्डवाले आहेत, आणि एक गृहस्थ असे आहेत की त्यांनी नेमकं काय वाजवलं होतं हे कोणालाच आठवत नाही, त्यांना स्वतःलाही नाही. मी वादक नाही आणि सुटलोही नव्हतो. तरी मला ग्रुपात घेतलं, कारण या सगळ्यांना ताईंच्या घरी नेणारा मीच आणि काही महिन्यांनी त्यांची समजूत घालून रिक्षात बसवणाराही मीच. ताई गेल्या त्या दिवशी ग्रुपचं नाव आता बदलावं असं दोघातिघांनी सुचवलं. बरीच चर्चा झाली. शेवटी नाव तेच राहिलं, फक्त फोटो बदलला.

मी ताईंचा निवेदक होतो. म्हणजे गायिका पाणी पिते आणि तबलजी हातोडीने ठोकठोक करतो तेवढ्या वेळात चांदणं, प्राजक्त आणि आईची माया यांच्याबद्दल बोलणारा इसम. एरवी मी अंधेरीच्या एका ऑफिसात बसून लोकांचे विम्याचे दावे नाकारत असे आणि सुटीच्या दिवशी त्याच लोकांना जीवन किती सुंदर आहे ते सांगत असे. या कामाला सुराचा कान लागत नाही. माझा तर इतका कच्चा की गजर कुठला आणि फोन कुठला यात माझी गल्लत होते. ताई हे सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या. "आमचो निवेदक बहिरो हा, म्हणून टिकलो," असं म्हणून त्या हसायच्या. मला ती थट्टा वाटायची.

भांडुपच्या टेकडीच्या उतारावर त्यांचं घर होतं. वडील गिरणीत होते आणि भजनी मंडळात गात. ताईंनी मात्र नोकरी केली ती अंधेरीच्या एका कारखान्यात, टेलिफोन ऑपरेटरची. त्या बोर्डावर बसून त्यांनी जो आवाज कमावला, तो पुढे सगळ्या सुरांच्या मागे उभा असायचा. त्यांनी "बोला" म्हटलं की समोरचा दचकून खरं बोलून जायचा. नोकरी करता करताच त्या कार्यक्रम करू लागल्या. अभंग, भावगीतं, थोडी नाट्यपदं, शेवटी भैरवी. घाटकोपरचे ज्येष्ठ नागरिक, मुलुंडचं महिला मंडळ, बोरिवलीच्या सोसायट्या असा त्यांचा मुलूख. कॅसेट निघाली नाही, टीव्हीवर एकदा दिसल्या तेव्हा त्यांच्या भागातली वीज गेली होती. याचं त्यांना दुःख नव्हतं. "माझा आवाज वायरीतून नको. वायरीतून तीस वर्षं 'होल्ड करा' म्हटलंय," असं त्या म्हणत.

समारंभाचा त्यांना मनापासून कंटाळा. सत्काराची शाल अंगावर पडली की त्या मायकसमोरच विचारत, "धुतली तर रंग नाही ना जात?" घाटकोपरला एकदा प्रमुख पाहुणे संस्कृतीवर बोलायला उभे राहिले ते बसेनात. ताईंनी शांतपणे मांडीजवळचं तानपुऱ्याचं मशीन लावलं आणि हळूहळू त्याचा आवाज वाढवत नेला. पाहुण्यांना वाटलं आपल्या भाषणाला पार्श्वसंगीत दिलंय. ते आणखीच रंगले. शेवटी ताईंनी सरळ आलाप घेतला आणि पाहुण्यांनी 'वा' म्हणून आपणच आपलं भाषण संपवलं. परत जाताना ते मला म्हणाले, काय योग जुळून आला बघा. मी हो म्हणालो. निवेदकाने नाही म्हणायचं नसतं.

साथीदारांबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "साथीदार म्हणजे लग्नातला भटजी. लागतो, पण फोटोत मधे नको." नवा माणूस घ्यायचा तर त्याची परीक्षा वाजवण्याची नव्हे, जेवणाची. मी त्याला दुपारी भांडुपला न्यायचो. ताई बांगड्याचं तिखलं आणि भात वाढायच्या आणि समोर बसून बघायच्या. काटे काढताना जो बोलतो तो समेवर चुकतो, असं त्यांचं शास्त्र होतं. एका शाकाहारी तबलजीची पंचाईत झाली तेव्हा त्यांनी त्याला शेवग्याच्या शेंगा वाढल्या आणि तो चोथा ताटात कसा ठेवतो त्यावरून त्याला पास केलं. त्या तिखल्याबद्दल मात्र 'सुटलो'मध्ये आजवर कोणी वाकडा शब्द लिहिलेला नाही. पावसाळ्यात कोणीतरी एकजण हमखास लिहितो, आज तिखल्याची आठवण झाली. त्याखाली अंगठे येतात.

परीक्षा पास झालेला माणूस वर्ष-दीड वर्ष टिकायचा, फार तर तीन. मग एक दिवस सकाळी ताईंचा मला फोन. "बोला." (फोन त्यांनीच केलेला असला तरी त्या 'बोला'च म्हणायच्या.) "तो नको आता."

कारण मी विचारायचोच, कारण त्या माणसाला तोंड मलाच द्यायचं असायचं. पहिला गेला तो बापू राणे. बापू त्यांच्याच आळीतले, पेटी वाजवणारे, ताईंना अगदी सुरुवातीपासून साथ केलेले आणि त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान. त्यांना काढताना ताई म्हणाल्या, "बापू घोरतो."

"कधी?"

"वाजवताना."

मी बापूंना हे कारण जसंच्या तसं सांगितलं. बापूंनी थोडा विचार केला, "असेल," म्हणाले आणि पेटीवर कपडा घातला.

मग आले तबलजी दीक्षित. मुलुंडचे, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट आणि हात तसाच हिशेबी. तीन वर्षं सुखाची गेली. एका रविवारी ते पिशवीतून दोन तबले घेऊन आले. ताई म्हणाल्या, "दोन कशाला रे? एक नवऱ्याचा आणि एक दिराचा?" दीक्षित म्हणाले, असू दे जवळ. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन: "तो माझ्याआधी चहा पितो." बासरीवाला एकाच दिवसात गेला. त्याने पिशवी उघडली आणि लहानमोठ्या बासऱ्या चटईवर ओळीने मांडल्या. ताईंनी त्याला तिखलं पोटभर वाढलं आणि जिन्यापर्यंत सोडायला गेल्या, एवढंच. मेघना कारखानीस पेटी फार छान वाजवायची, बोरिवलीत तिचे क्लास आहेत. तिच्याबद्दल ताईंची तक्रार मोठी सुंदर होती. "मी जिना चढत्येय धापा टाकत आणि ही आधीच वर जाऊन दार उघडून उभी. मला काय घर माहीत नाही?" वरच्या सुरावर मेघनाची पेटी ताईंच्या आधी पोचते, असा त्याचा अर्थ. मी मेघनाला एवढंच सांगितलं की ताईंना एकटीनेच जिना चढायचाय. ती रडली, आणि मग म्हणाली, "मी त्यांना हात देत होते हो."

ही माणसं जातात का, याच्यावर उपनगरांत अनेक सिद्धांत होते. कोणी म्हणायचं बाई तऱ्हेवाईक आहे. कोणी म्हणायचं मत्सर. सोसायट्यांचे सेक्रेटरी म्हणायचे, कलावंत मनस्वी असतात. ज्याचं कारण कळत नाही आणि विचारायला जायची भीती वाटते, त्याला हे लोक मनस्वी म्हणतात. माझा स्वतःचा सिद्धांत असा होता की ताईंना माणसांचा कंटाळा येतो आणि माझा येत नाही, कारण मी माणसात धरला जात नाही. हा सिद्धांत मला आवडायचा.

खरं कारण कळलं ते मुलुंडला एका लग्नाच्या जेवणात.

दीक्षितांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांनी 'सुटलो'मधल्या सगळ्यांना बोलावलं होतं. ताईंना बोलावलं नव्हतं. टेबलाशी बापू, मेघना आणि मी बसलो होतो. यजमान दीक्षित फेटा बांधून आमच्यात येऊन टेकले होते, कारण व्याह्यांशी बोलायचे विषय संपले होते. बोलता बोलता गाडी ताईंवर आली, ती येतेच. दीक्षित मला म्हणाले, "तू अजून ते वाक्य म्हणतोस का रे? काळी पाचचं?"

माझं एक वाक्य होतं. पहिल्या अभंगानंतर मी म्हणायचो, 'काळी पाचमधला हा खणखणीत आवाज आजही तसाच आहे.' लोक टाळ्या वाजवत. गायक पेटीवरच्या ज्या पट्टीला आपला सा धरतो ती त्याची पट्टी, आणि काळी पाच ही बाईच्या गळ्यालाही चांगलीच चढी, एवढं मला ठाऊक होतं. ते वाक्य ताईंनीच मला सुरुवातीला दिलं होतं.

"म्हणतो की," मी म्हणालो.

"वेडा आहेस. बाई पांढरी सहामध्ये गाते. काळी पाचच्या खाली अर्धी. मी तीन वर्षं ठोकलाय ना तबला. मला वाटायचं, निवेदकाला काय कळतंय, बोलू दे."

मेघनाने जिलबी खाली ठेवली. "पांढरी सहा नाही हो दीक्षितकाका. काळी चार. त्याच्याही खाली अर्धी."

"अगं, मी तबलजी आहे. पेटीवाल्याचं काय, बोट सरकवलं की झालं. तबला त्या पट्टीचाच लागतो. थोडा चढतो, थोडा उतरतो, त्यापुढे तबलाच बदलावा लागतो. माझ्याइतकी पट्टी कोणाला ठाऊक असणार?"

"मी रोज काळी चारवर बोट ठेवत होते."

"तू चुकीचं ठेवत होतीस."

"दीड वर्ष?"

आवाज चढले. शेजारच्या टेबलावरची वरपक्षाची माणसं बघायला लागली. मला मजा वाटत होती. दोन जाणकार इतक्या साध्या गोष्टीवर भांडताना दिसले की आमच्यासारख्याला बरं वाटतं. बापू मात्र मठ्ठा पीत गप्प होते. दीक्षितांनी त्यांनाच पंच केलं. "बापू, तुम्ही सांगा. तुम्ही सगळ्यात जुने. शालनताईंची पट्टी कुठली?"

"माझ्या वेळी काळी पाच," बापू म्हणाले.

"आणि तुम्हाला का काढलं?"

बापूंनी ग्लास ठेवला. "मी विचारलं होतं, ताई, अर्धी उतरवू का. वरचा सा ओढत होत्या."

दीक्षितांचा फेटा एका कानावर आला होता, तो त्यांनी सरळ केला नाही. ते म्हणाले, "मी तो दुसरा तबला का नेला होता माहितीये? सलग दोन कार्यक्रम पांढरी सहाही जड जात होती त्यांना. म्हटलं, लागला तर असावा." मेघना खाली बघून म्हणाली, "आणि मी वर हात द्यायला लागले."

तेव्हा माझ्या बहिऱ्या डोक्यात प्रकाश पडला. आवाज वयाबरोबर खाली येत होता. प्रत्येक वेळी तो अर्ध्या पट्टीने उतरला की पहिल्यांदा कळायचं ते साथीदाराला. कळलं की तो जायचा. नवा माणूस यायचा त्याला नवी पट्टी हीच पट्टी वाटायची. एकेक जण एकेक पायरी बघून गेला होता. बासरीवाल्याने तर दर पट्टीची एक अशा सगळ्याच बासऱ्या पहिल्या दिवशी पुढ्यात मांडल्या होत्या. सगळा जिना कोणी पाहिलाच नव्हता, आणि ज्याने पाहिला असता तो मी, मला पट्टीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

"आता कुठे आहेत?" मेघनाने मला विचारलं.

मला कसं माहीत असणार? मी म्हणालो, "काळी पाच," आणि सगळे इतके हसले की वधूमाय बघायला आल्या.

"हे इथेच ठेवा," बापू म्हणाले. "जेवा."

ते तिथे राहिलं नाही. ताईंना कोणी सांगितलं ते अजून कळलेलं नाही. 'सुटलो'मधले सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. दिवाळीच्या आधी, बोरिवलीच्या एका सोसायटीत पाडव्याच्या पहाटेचा कार्यक्रम ठरला होता, तेव्हा ताईंचा फोन आला.

"बोला. पेटीवाला काढला मी."

"का?"

"कारण नाही." हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "पेटीवर बापूला बोलाव. तबल्याला तो नवीन घाटकोपरचा, नीलेश. त्याला मीच फोन केलाय. काळी पाचचा तबला आण म्हणून सांगितलंय."

मी वर्तमानपत्राच्या कडेला 'बापू' एवढंच लिहिलं.

"ऐकलंस काय? काळी पाच. बापूला सांग, येऊन बस आणि बघ. लग्नात जिलब्या खाऊन माझी मापं काढतात मेले."

"ताई, पण..."

"तुका काय कळता रे सुरातला?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तीस वर्षं लोकांचे फोन जोडणाऱ्या बाईला फोन तोडताही छान यायचा.

बापूंना मी निरोप दिला तेव्हा ते म्हणाले, "येतो." मी म्हणालो, बापू, तुम्ही त्यांना समजावा. ते म्हणाले, "मी वाजवणारा माणूस. समजावणं तुझं खातं."

पाडव्याच्या पहाटे आम्ही बोरिवलीला पोचलो तेव्हा सोसायटीच्या आवारात खुर्च्या मांडणं चाललं होतं. मंचामागे बॅनर होता. त्यावर भागातल्या एका समाजसेवकांचा हसरा चेहरा, त्यांच्या मुलांचे चेहरे, आणि कोपऱ्यात, नीट पाहिलं तर, ताई. ताईंनी जांभळी नऊवारी नेसली होती. त्या बॅनरकडे बघून म्हणाल्या, "माझा फोटो पासपोर्टसाठी काढला असेल." तेवढंच. बाकी गप्प. तोंडात लवंग.

नीलेश हा कॉम्प्युटरच्या कंपनीतला पस्तिशीचा गृहस्थ, रेशमी झब्बा घालून आलेला. त्याचा तबला छोट्या तोंडाचा, झणझणीत लागलेला. बापूंनी पेटी उघडली आणि काळी पाचवर सा दिला. ताईंनी डोळे मिटले. मायक अजून चालू नव्हता. प्रेक्षकांत दोन आजोबा आणि उटण्याचा वास एवढंच.

पहिली ओळ चांगली गेली, असं मला वाटलं. माझ्या वाटण्याला काही किंमत नाही. पण अंतऱ्याला त्या वर जाऊ लागल्या तशी मानेची शीर दिसायला लागली. वरचा सा आला तो चिरत आला आणि मध्येच तुटला. हे मलाही कळलं. त्यांनी पुन्हा घेतला. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा त्यांनी घेतलाच नाही. पुढ्यात लोक येऊन बसायला लागले होते. बायका एकमेकींच्या साड्या बघत होत्या. दिवा लावायची समई आणली होती. आणखी थोड्या वेळाने या सगळ्यांसमोर तो सा पुन्हा तुटणार होता, आणि मग काळी पाच काय, कुठल्याच पट्टीत कोणी त्यांना बोलावणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं. आम्हाला तिघांनाही.

ताईंनी बापूंकडे पाहिलं. बापूंनी पेटीकडे पाहिलं.

"तू दे," ताई म्हणाल्या.

"कुठला?"

"बोलायला लावू नको. दे."

बापूंनी भाता हलवला आणि काळी तीनवर बोट ठेवलं. ताई त्यात गुणगुणल्या. अंतऱ्याला वर गेल्या. तिथे काही तुटलं नाही, पण आता आवाज निराळा होता, खालून भरलेला, थोडा घोगरा. पुढच्या रांगेतले एक आजोबा मफलर सोडून सावरून बसले.

"ताई," नीलेश म्हणाला, "पण मला काळी पाच सांगितली होती."

"मग?"

"मग हा तबला तिथवर उतरत नाही. मोठ्या तोंडाचा लागेल. तो घरी आहे, घाटकोपरला."

त्याने प्रयत्न केला. हातोडीने तबल्याच्या कडेचे लाकडी गट्टे खालून वर ठोकले, चामड्याची वादी सैल केली. तबला निम्म्या वाटेवर येऊन मडक्यासारखा बोलायला लागला. समाजसेवक फाटकातून आत येत होते. सेक्रेटरी हात जोडत त्यांच्यापुढे उलटे चालत होते.

"डग्ग्याला पट्टी नसते ना रे फारशी?" ताईंनी विचारलं.

"तशी नसते. पण नुसत्या डग्ग्यावर..."

"नुसता डग्गा वाजव. तबल्याला हात लावू नको."

"ताई, लोक काय म्हणतील?"

"ते मी बघते."

पडदा नव्हताच. मी प्राजक्ताचं नेहमीचं बोलून घेतलं. काळी पाचचं वाक्य जिभेवर आलं ते गिळलं. ताईंनी मायक पुढे ओढला. "नमस्कार. आमचे तबलजी नीलेश, फार गुणी कलाकार. काल फराळाचे डबे उतरवताना त्यांचा उजवा हात दुखावला. तरीही तुमच्या प्रेमाखातर एका हाताने वाजवायला बसलेत. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी."

लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. नीलेशचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याने टाळ्या घेण्यासाठी उजवा हात वर केला, मग लक्षात येऊन तो मांडीवर ठेवला आणि सगळा कार्यक्रम तिथेच ठेवला. एका अभंगात तो हात आपोआप उचलला गेला, तेव्हा ताईंनी गाता गाताच त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पुन्हा दुखावला.

आणि ताई गायल्या. त्याचं वर्णन करण्याची माझी लायकी नाही. एवढं सांगतो की पेटी, डग्ग्याचा तो खोल घुमारा आणि मध्ये ताईंचा नवा, म्हणजे खरं तर जुनाच झालेला, आवाज यांत जागा फार होती आणि त्या जागेत लोक गप्प बसून राहिले. मधेच भाषण करायची समाजसेवकांनाही आठवण झाली नाही. शेवटी सोसायटीच्या अध्यक्षांनी आभार मानताना सांगितलं की, डग्ग्याचा हा अभिनव प्रयोग म्हणजे आपल्या प्राचीन परंपरेचं पुनरुज्जीवन आहे. एका बाईंनी नीलेशला तेलाची बाटली आणून दिली, हाताला चोळायला.

कार्यक्रमानंतर आम्ही सोसायटीच्या ऑफिसात बसलो. फराळाच्या ताटल्या आणि चहा आला. नीलेश तबल्यावर खोळ चढवत होता. तेलाची बाटली त्याच्या मांडीजवळ होती.

"ताई, मी पुढे नाही येणार," तो म्हणाला.

एरवी हे वाक्य ताईंचं असायचं. त्या चकली खात होत्या, थांबल्या. "का रे?"

"का म्हणजे? माझा हात दुखतोय ना. बिल्डिंगभर माहितीये सगळ्यांना. माझी मावशी इथे बी विंगला राहते. तिचे दोन फोन येऊन गेले."

"मग मावशीला सांग, बरा झाला. रविवारी मुलुंडला आहे."

"नको ताई. मला आधीच्या लोकांनी सांगितलंय. काही दिवसांनी तुम्ही काढणारच. मी आत्ताच जातो."

ताईंनी बापूंकडे पाहिलं. बापू चहात बुडवलेल्या शंकरपाळ्याकडे लक्ष देऊन बघत होते, जणू तो पळून जाईल. मी दारात उभा होतो. माझ्या खात्यातलं काहीतरी बोलायला हवं होतं, पण माझ्याकडे फक्त चांदणं आणि प्राजक्त होते.

"काढणार नाही," ताई म्हणाल्या.

नीलेशने खोळीची नाडी ओढली. बराच वेळ ती बांधत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "रविवारी कुठला तबला आणू? खरं सांगा. तुम्ही सांगाल तोच आणीन. हात दुखवून घ्यायचा नाहीये मला परत."

चकलीचा उरलेला तुकडा ताईंनी ताटलीत ठेवला. हात पदराला पुसले. मग तो बोर्डावरचा आवाज काढला, समोरच्याला नंबर नीट कळावा असा.

"काळी तीन."

"नक्की?"

"काळी तीन. पुढेमागे आणखी उतरली तर तूच मला सांग. बापू सांगेल, त्याला सवय आहे." मग पदर सावरत: "आणि कोणी विचारलं तर मी पहिल्यापासून काळी तीनच."

नीलेशने बापूंकडे पाहिलं, कारण पहिल्यापासूनचा साक्षीदार तेवढा एकच होता.

"पहिल्यापासून," बापू म्हणाले आणि शंकरपाळा तोंडात टाकला.

मग ताई माझ्याकडे वळल्या. "तुझं ते पट्टीचं वाक्य बंद कर रे. लोकांना पट्टी कळून काय करायचंय? त्यांना काय माझा ब्लाउज शिवायचाय?"

बाहेर उजाडलं होतं. भांडुपपर्यंत जायला रिक्षा तयार होईना, शेवटी एकजण झाला. बापूंचे गुडघे दुखत होते, ते आधी आत सरकले. पेटी ठेवायला जागा उरली नाही. ताईंनी आमच्यापैकी कोणालाही उचलू दिली नाही. नऊवारीचा काष्टा सावरत त्या बसल्या आणि पेटी आपल्याच मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले. रिक्षा फाटकातून वळली तेव्हा त्यांचं तोंड चालू होतं. गात होत्या की बापूंना झापत होत्या, ते माझ्या कानाला कधीच सांगता आलं नसतं.